जास्तीचा पीळ

थांबासाहेब एकोणऐंशी वर्षे जगले. त्यांपैकी चौतीस वर्षे विमानाच्या इंजिनांची पाती तपासण्यात गेली, आणि जवळजवळ तितकीच साडूचा हेवा करण्यात. कोणताही नकाशा टेबलावर आला की त्यांच्या तोंडून पहिला शब्द "थांबा" असा निघे, म्हणून कारखान्याने त्यांना हे नाव दिले. त्यांना ते मान्य होते. पाते मोडते तेव्हा सांगायला वेळ नसतो, जे सांगायचे ते आधीच सांगावे लागते, असे ते म्हणत.

पात्याचा आकार ठरवणारा विभाग वरच्या मजल्यावर होता आणि ते टिकेल की नाही हे पाहणारा, म्हणजे थांबासाहेबांचा, खालच्या. वरच्यांना पाते पातळ हवे असे, कारण ते हवा अलगद कापते. खालच्यांना ते जाड हवे असे, कारण ते तुटत नाही. हे भांडण कोणीच जिंकत नव्हते, आणि त्यातच कारखान्याचे भले होते.

पत्नीच्या धाकट्या बहिणीचे लग्न ठरले तेव्हा घरातून भुणभुण सुरू झाली. "हुशार मुलगा आहे. एक शब्द टाकलात तर काय बिघडेल?" थांबासाहेबांनी शब्द टाकला. तो मुलगा, म्हणजे आता त्यांचा साडू, वरच्या मजल्यावर रुजू झाला, आणि आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला हे थांबासाहेबांना महिन्याभरात कळून चुकले.

साडू हसतमुख होता. उशिरा येई, शीळ घालत जिना चढे, आणि तरी त्याची गणिते जुळत. सासूबाईंनी ताटे मांडली की पहिली वाढ त्याच्या ताटात पडे. पत्नी म्हणे, "त्यांच्याकडून जरा हसायला तरी शिका." थांबासाहेब हसत नसत, ते आमटीत मीठ कमी आहे असे सांगत.

तशात इंजिनाच्या पुढच्या मोठ्या पंख्याचे काम निघाले. जुन्या पंख्याची पाती लांब आणि अरुंद होती. ती थरथरू नयेत म्हणून मध्यावर छोटे टेकू असत. सगळी पाती फिरताना एकमेकांना टेकून राहत. ते टेकू म्हणजे थांबासाहेबांची हयात. साडूने रुंद पाते आखले, ज्याला टेकूच नको होता.

"साडूभाऊ, तुमचे टेकू काढतोय बरं का," तो जिन्यात म्हणाला. "हवेला ठेच लागते त्यांची."

"हवेची काळजी तुम्ही करा. खाली माणसं बसलेली असतात, त्यांची आम्ही करतो."

"म्हणून तर नकाशा तुमच्याकडेच पाठवतोय."

मुख्य रचनाकाराची जागा त्या वर्षी रिकामी होणार होती. ज्येष्ठतेने ती थांबासाहेबांची होती. पंखा यशस्वी झाला तर ती साडूला मिळणार, हे शिपायालाही ठाऊक होते.

पात्याला मुळापासून टोकापर्यंत पीळ असतो. पंखा वेगात फिरू लागला की तो पीळ थोडा उलगडतो. म्हणून पाते घडवताना त्याला तेवढाच जास्तीचा पीळ आधी द्यावा लागतो. वरचा मजला फिरत्या पात्याचा आकार काढी, त्याला 'चालता' म्हणत; खालचा मजला त्यात पीळ वाढवून घडवण्याचा 'थंड' आकार करी. कोणता आकार आहे हे कोपऱ्यातल्या शिक्क्यावरून कळे. शिक्का नसलेला नकाशा चालता मानावा, असा नियम होता. तो थांबासाहेबांनीच लिहिला होता.

साडूचा नकाशा आला, त्यावर शिक्का नव्हता. थांबासाहेबांनी टोकाचा कोन पाहिला आणि ओळखले, की उत्साहाच्या भरात पठ्ठ्याने पीळ स्वतःच वाढवला आहे. हा थंड आकार होता. जिना चढून एक शब्द बोलायचा अवकाश होता. जन्मभर जो शब्द उठता बसता तोंडी होता, तो त्या दिवशी निघाला नाही. त्यांनी नियमाप्रमाणे पीळ पुन्हा वाढवला, सही केली आणि नकाशा घडाईला पाठवला.

चाचणीत पंखा फिरला, पण हवा पुरेशी ओढीना. वरिष्ठांनी साडूला उभे आडवे घेतले. त्याची शीळ बंद झाली. शेवटी तो खाली आला, दाढी वाढलेली, डोळे ओढलेले.

"साडूभाऊ, माझं डोकं चालेना. तुम्ही एकदा बघता का?"

थांबासाहेबांनी माहीत असलेली चूक दुपारभर शोधली आणि संध्याकाळी सापडली असे सांगितले. बैठकीत साडू उभा राहून म्हणाला, "शिक्का मी मारला नाही. चूक माझी. साडूभाऊ नसते तर पंखा गेला असता आणि मीही." नवी पाती घडली, पंखा सगळ्या चाचण्यांत खरा उतरला. आपली चूक इतकी सरळ कबूल करणारा माणूसच वर हवा, असे ठरून मुख्य रचनाकाराची जागा साडूला मिळाली.

त्या रविवारी मेहुणी म्हणाली, "भाऊजी, तुमच्यामुळे वाचलो आम्ही." सासूबाईंनी पहिली वाढ थांबासाहेबांना दिली. जेवणानंतर साडू कोचावर आडवा झाला आणि घोरू लागला. थांबासाहेब समोर बसून ते पाहत राहिले. जागेपेक्षाही त्यांना त्या झोपेचा हेवा वाटला.

निवृत्तीच्या दिवशी साडूने त्यांना बाद पात्यांपैकी एक लाकडावर बसवून भेट दिले. खाली पितळी पाटी होती: 'ज्यांच्या नजरेतून काही सुटत नाही, त्या साडूभाऊंस.' पत्नीने ते दिवाणखान्यात लावले आणि येणाऱ्या प्रत्येकाला हकिकत ऐकवली. थांबासाहेब तेवढा वेळ उठून आत जात. अखेरच्या आजारात त्यांनी पत्नीला सर्व सांगितले.

ते गेल्यावर पत्नीने साडूला बोलावले आणि सांगून टाकले. तो पात्याकडे पाहत राहिला.

"मला तेव्हाच कळलं होतं, ताई. टोकाचा कोन त्यांच्या नजरेतून सुटेल होय? पाटीवर दुसरं काय लिहिलंय मी?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर ते मोकळे झाले असते. लग्न झालं तेव्हापासून तुमची बहीण मला एकच सांगत आली, भाऊजींसारखं नीटनेटकं वागा. मीही जळतच होतो की."

पत्नीने परत दिलेले पाते साडूने घरी नेले नाही. ते कारखान्याच्या शिक्षणवर्गात ठेवले आहे. दोनदा पीळ दिलेले पाते कसे दिसते, हे नव्यांना त्यावरून दाखवतात. शिक्का नसलेला नकाशा आता आल्या पावली परत जातो. पितळी पाटी मात्र पत्नीने आधीच काढून घेतली होती. ती कोठे ठेवली, हे तिने बहिणीलाही सांगितलेले नाही.