आधी बुटाचं ऐक

तुमच्या बाबांनी पाठवलेला कॉम्प्युटर मुरबाडच्या घरात आला, तेव्हा मी शाळेतून निवृत्त झाले होते. इंटरनेट टेलिफोनच्या तारेवर चाले, ते सुरू असलं की फोन बंद. म्हणून त्यासाठी मी दुपारची वेळ ठरवून ठेवली होती.

अशाच एका दुपारी माझी जुनी विद्यार्थिनी वैशाखऱ्याहून आली. मांडीवर तान्ही मुलगी, तिचं उजवं पाऊल आत वळलेलं. एका डॉक्टरांनी वर्षाची झाली की ऑपरेशन करू म्हणून सांगितलं होतं. गावात म्हणत होते, तेल चोळा, आपोआप सरळ होईल. काय करावं ते तिला ठरवायचं होतं.

मी इंग्रजी वाचत होते, तिला मराठीत सांगत होते. बहुतेक ठिकाणी एकच उपाय दिसला. मूल लहान असतानाच, दर आठवड्याला पाऊल हलक्या हाताने थोडं थोडं वळवून प्लास्टर घालायचं. मोठं ऑपरेशन बहुधा टळतं. मला आनंद झाला. ती मात्र प्रत्येक पान कुणी लिहिलं ते विचारत होती. एक पान एका खासगी दवाखान्याचं निघालं, ते तिने बंद करायला लावलं.

"बाई, आपल्या मालाला कोण वाईट म्हणंल? ज्यांच्या पोरांचं बिघडलं त्यांनी काय लिवलंय, ते वाचा."

मग तसं शोधलं. परदेशातल्या आयाबापांनी लिहिलेलं सापडलं. प्लास्टर हा सोपा भाग. पुढे काही वर्षं मुलाला पट्टीने जोडलेले बूट घालून झोपवावं लागतं. मूल रडतं, घरच्यांना दया येते, ते बूट काढून टाकतात आणि पाऊल पुन्हा वळतं. हे तिने दोनदा वाचून घेतलं.

ती पानं मी छापून दिली. तिने ती ऑपरेशन सांगणाऱ्या डॉक्टरांना दाखवली, त्यांनी शांतपणे वाचली आणि ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यासाठी चिठ्ठी दिली. पण लावणी तोंडावर आली होती. त्यांच्याकडे लावणी सावडीने होते, म्हणजे आज सगळ्यांनी तुमच्या शेतात, उद्या तुम्ही त्यांच्या. ही दर आठवड्याला ठाण्याला गेली, तर हिच्या शेतात कोण येणार? लावणीनंतर सुरू केलं तर चालेल का, हे विचारायला तिची सासू सून आणि नातीला घेऊन स्वतः आली. मी म्हटलं, चालेल, पण जितकं लहान तितकं सोपं, असं लिहिलंय.

सासूने पानसुपारी चघळत नातीचा पाय हातात घेऊन पाहिला. मग सुनेला म्हणाली, "रोप जून झाल्यावर लावून उपेग नाय. तुझ्या वाटची मी वाकंन. तू जा गो."

आणि ती खरंच वाकली, त्या वयात, सुनेच्या वाटणीची सगळी शेतं.

पाऊल सरळ झालं. बुटांची वर्षं कठीण गेली. पोर रडायची, शेजारणी सुनेला कसाबीण म्हणायच्या, सासू त्यांना दारातूनच परत पाठवायची. बूट एकाही रात्री निघाले नाहीत.

पुढे तसंच बाळ घेऊन उंबरमाळीकडची एक आई माझ्याकडे आली, तेव्हा मी कॉम्प्युटर लावायच्या आधी या सुनेला बोलावून घेतलं. तिच्याबरोबर आलेली तिची मुलगी अंगणात लंगडी खेळत होती, उजव्या पायावर. पाहुणीची नजर तिच्यावरून हलेना. सुनेने पाहुणीचा हात धरून तिला खाली बसवलं.

"पाय नंतर बघ. आधी बुटाचं ऐक."