न फुटणारं लाकूड

नोकरीत हाताखालून गेलेल्या निम्म्या केसेस आता आठवायच्या म्हटल्या तरी आठवत नाहीत. पण सिल्वासा ठाण्याच्या आवारात एका लाकूडफोड्याने मला माझंच काम शिकवलं, ती दुपार मात्र काल घडल्यासारखी डोळ्यांपुढे आहे. नावं कुणाचीच सांगणार नाही. तो माणूस आज हयात आहे की नाही, तेही मला माहीत नाही.

ऐंशीच्या दशकाची अखेर असेल. मी तिथे फौजदार होतो. रोज कुठेतरी नवा कारखाना उभा राहत होता. राखोलीच्या एका कारखान्यातून तांब्याची तार चोरीला जात असल्याची तक्रार आली. तपासायला गेलो तर गेटवर झडती कडक. कामगारांचे जेवणाचे डबेसुद्धा उघडून बघत. तार जाते कुठून, याचा पंधरा दिवस पत्ता लागेना आणि वरून रोज विचारणा.

शेवटी खबर दिली ती गेटबाहेरच्या चहावाल्याने. माझ्या हवालदाराला तो म्हणाला, "जमादार, लाकूड आत जातं ते समजतं, बॉयलर खातो. पण लाकूड बाहेर कुठं चाललंय?"

खरंच होतं ते. बॉयलरसाठी चिंच, बाभूळ, ऐन असे मोठाले ओंडके ट्रकने येत आणि आत फोडले जात. गेटपास चाळले तर अधूनमधून दोन-तीन ओंडके टेम्पोत घालून अथालच्या वखारीत परत गेलेले. कारण दर वेळी तेच, 'लाकूड फुटत नाही'. प्रत्येक पासावर लाकूडफोड्याचा अंगठा.

पुढचा टेम्पो आम्ही रस्त्यात अडवला. सीटखाली, ताडपत्रीखाली, टायरच्या मागे सगळं पाहिलं. चिखलाने माखलेल्या तीन ओंडक्यांशिवाय काही मिळालं नाही. टेम्पो ठाण्यात आणला, ओंडके सहा जणांनी ढकलत आवारात उतरवले. ड्रायव्हर म्हणाला, मला काही ठाऊक नाही, अंगठा ज्याचा आहे त्याला विचारा. म्हणून लाकूडफोड्याला उचललं आणि त्याची कुऱ्हाड, घण, पहार, पाचर जप्त केली.

धुळ्याकडचा, पन्नाशीचा, हडकुळा माणूस. कारखान्यात त्याला सगळे आबा म्हणत. दोन दिवस मी त्याला तेच ते विचारलं. तार कुणी दिली? कुठे लपवलीस? कुणाला विकलीस? त्याचं अहिराणीतलं उत्तर ठरलेलं, "अंगठा मना शे साहेब. मुकादम बोलना हजेरी शे, दिधा अंगठा. तांबं माले माहीत नही." माझं डोकं फिरलं. टेबलावर जोरात हात आपटला, तर हा म्हणतो कसा, "जपून साहेब, टेबल सागनं शे."

हवालदाराला हसू आवरेना. मलाही आलं असतं, पण खुर्ची आडवी आली.

दुसऱ्या दिवशी लाकडाचा मुकादम स्वतः ठाण्यात आला. पांढरा सदरा, गोड बोलणं. "साहेब, गरीब माणूस आहे, चुकला असेल, जरा सांभाळून घ्या." इतक्या मायेने बोलला की मला आबाचाच राग आला. संध्याकाळपर्यंत अटक दाखवायची, असं मी मनाशी ठरवून टाकलं. एकदा चोर म्हणून नाव लागलं की सिल्वासाच्या कुठल्याच गेटमधून त्याला आत घेतलं नसतं. हे मला कळत होतं, तरी ठरवलं.

आबाची बायको दोन दिवस ठाण्याबाहेर डबा घेऊन बसून होती. रडणं नाही, हात जोडणं नाही. दोघं मिळून काम करत. ओंडका कापायच्या लांब करवतीची एक मूठ त्याच्या हातात, दुसरी हिच्या. मी जेवायला निघालो तर उठून उभी राहिली. म्हटलं, बाई, तुमच्या नवऱ्याने न फुटलेलं लाकूड परत पाठवलं, त्याचा अंगठा आहे कागदावर.

ती हसली. चक्क हसली.

"त्यानं लाकूड परत करं? हाई त्याले सांगितलं का तुम्ही?"

"नाही."

"मग नका सांगू साहेब. चार दिन जेवाव नही तो."

मी तसाच मागे फिरलो. दोन दिवस मी आबाला तांब्याबद्दल विचारत होतो. लाकडाबद्दल एक शब्द विचारला नव्हता. कोठडीपाशी जाऊन म्हटलं, "आबा, तुझ्याने लाकूड फुटलं नाही, असं लिहिलंय कागदावर."

इतका वेळ गुडघ्यात मान घालून बसलेला माणूस ताडकन उभा राहिला.

"कोनतं लाकूड? दखाडा."

आवारात आणला. माझे दोन शिपाई त्याच ओंडक्यांवर बसून चहा पीत होते. दोन दिवस आमची बैठक तिथेच होती. त्यांना उठवून आबा पहिल्या ओंडक्यापाशी उकिडवा बसला, सालीवरून हात फिरवला आणि कुऱ्हाड मागितली. जप्त केलेली कुऱ्हाड संशयिताच्या हातात द्यायची? हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. मी पंचांना बोलावून घेतलं आणि मग मान हलवली.

त्याने कुऱ्हाडीच्या पाठीने ओंडका ठोकला, कान लावला, पुन्हा ठोकला.

"जुनी चिंच शे. पोटात पोकळ राहास. पोकळ लाकूड ढोलसारखं वाजाले पाहिजे. हाई वाजत नही." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आनि साहेब, पोकळ लाकूड तर सगळ्यात आधी फुटस. फुटत नही असं लिहिनारानी कधी कुऱ्हाड धरेल नही."

एवढ्यावरच केस सुटली होती, पण पुढचं पाहायला मिळालं हे माझं भाग्य. सहा जणांनी ढकलत उतरवलेला तो ओंडका त्याने एकट्याने पहार घालून हवा तसा फिरवला. टोकाचा चिखल पायाने खरवडला, एक बारीक भेग शोधली, तिच्यात पाचर उभी केली आणि घण उचलला. घाई नाही, जोर केल्याचा आव नाही. प्रत्येक घाव त्याच जागी. पाचव्या घावाला ओंडका कण्हल्यासारखा आवाज करून दुभंगला आणि लाकडी बूच मारून बंद केलेल्या पोकळीतून तांब्याच्या तारेची भेंडोळी माझ्या बुटांवर येऊन पडली.

बाकीच्या दोन ओंडक्यांतही तेच निघालं. रीतसर पंचनामा झाला. संध्याकाळी मुकादम आणि कारखान्याचा स्टोअरकीपर समोरासमोर बसवले, तेव्हा पांढऱ्या सदऱ्याला घाम फुटला आणि दोघेही बोलायला लागले.

पुढे मी मुद्दाम दोन-तीनदा राखोलीला त्याचं काम बघायला गेलो. मला काही समजत होतं अशातला भाग नाही, नुसतं बघत उभं राहायला बरं वाटायचं. बायको दुसऱ्या मुठीवर, दोघांमध्ये शब्द नाही, करवत मात्र एका लयीत. हा माणूस माझ्या हातून चोर ठरणार होता, हे आठवलं की आजही लाज वाटते. त्यानंतर जिथे बदली झाली तिथे समोर कुणीही बसवला, तरी पहिला प्रश्न एकच विचारत आलो, काम काय करतोस आणि ते कसं करतोस. पुष्कळ माणसं तिथेच उलगडतात.

त्या दिवशी आबाला सोडताना त्याचा साक्षीदार म्हणून जबाब घेतला. वाचून दाखवला, अंगठ्यासाठी शाईचं पॅड पुढे केलं. त्याने हात मागे घेतला.

"लाकडाबद्दल लिव्हं का यात?"

तेवढं राहिलं होतं. मी खाली ओळ घातली, 'माझ्याकडे आलेलं एकही लाकूड न फुटता परत गेलेलं नाही.' वाचून दाखवलं. तो म्हणाला, परत वाचा. परत वाचलं. मग त्याने दारातल्या बायकोला आत बोलावलं आणि मला म्हणाला, "आते तिले वाची दखाडा."

मी तिसऱ्यांदा वाचलं. तिने मान हलवली, तेव्हा कुठे त्याने अंगठा दिला.