अर्धं आटवलेलं पाणी

युरियाचं पोतं उघडल्याचा उग्र वास आला की अमडापूरची ती दुपार आठवते आणि डोकं तापतं. बाळंतपणाला माहेरी आलेल्या पुतणीचं, वरच्या दुधावरचं बाळ निळं पडलं होतं. डॉक्टर म्हणाले, "विहिरीच्या पाण्यात खत उतरलंय. उकळून ते जात नाही, उलट वाढतं." बाळ सावरल्यावर मी दिराला धरलं, "भाऊजी, विहिरीजवळच्या मक्याले युरिया फेकता अन् वरून दिवसभर पाणी सोडता, ते मुरते कुठी?" त्यानं तांब्याभर पाणी घटाघटा पिऊन दाखवलं. "पाहा वहिनी, मले काई झालं काय?" आजही तो तसंच पाणी सोडतो. त्याचा राग येतोच. पण बाळाच्या दुधात घालायचं पाणी अर्धं होईस्तोवर आटवायला पुतणीला मीच बजावलं होतं.