टोपलीतली चौघडी

आमचे हे पटवारी होते. सौंसर तहसिलीतल्या शेतांचे बांध मोजण्यात नोकरी गेली, आणि निवृत्त झाल्यावर मोजायला काही उरलं नाही म्हणून ते माझ्या स्वयंपाकघरात शिरले. पेन्शन पगारापेक्षा कमी, हे खरंच होतं. पण मला राग आला तो त्यांच्या तोंडच्या ‘नासाडी’ या शब्दाचा. इतकी वर्षं संसार मी केला आणि नासाडी यांना आत्ता दिसली!

तरी प्रामाणिकपणे सांगायचं तर त्यांची बरीचशी खटपट कामाची निघाली. फुलकोबीचे दांडे मी फेकायची, त्यांनी त्यांची भाजी करायला लावली. दुधीच्या सालींची चटणी तर मला आवडायलाच लागली. संत्र्याची सालं गच्चीवर वाळवून त्यांनी तांब्याचे गडवे घासून दाखवले आणि दिवसभर त्याच तोऱ्यात घरभर फिरले. मी कौतुक केलं नाही. केलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्यांनी फोडणीच्या मोहऱ्या मोजल्या असत्या.

खरं वैर त्यांनी धरलं ते उरलेल्या पोळीशी. पोळ्यांची टोपली वेताची, वर पंचा झाकलेला. तिच्यात रोज सकाळी एक शिळी पोळी असायचीच. मी ती शेजारच्या गाईला घालायची, वर्षानुवर्षं. यांनी एक दिवस ते पाहिलं आणि जमिनीच्या वादात निकाल द्यावा तसं म्हणाले, “उरते म्हणजे कणीक जास्त होते.” त्या दिवसापासून कणीक मुठीनं घ्यायची नाही, वाटीनं घ्यायची, असं ठरलं.

घरात माणसं तीन. आम्ही दोघं आणि माझ्या सासूबाई. वाटीनं मोजून कणीक मळली, पोळ्या नेमक्या झाल्या, जेवणं झाली. सकाळी पंचा उचलला तर आत एक पोळी.

यांनी कणीक अजून कमी केली. सकाळी पुन्हा पोळी. पुन्हा कमी केली, पुन्हा पोळी. मी हसले, पण ते हसणं मला फार दिवस पुरलं नाही. कारण मोजायच्या नादात मी ती पोळी पहिल्यांदा नीट पाहिली. मी पोळ्या सरळ एकावर एक रचते. ही दुमडून पुन्हा दुमडलेली होती, चौघडी. आमच्या घरात तशी पोळी फक्त मामंजी खायचे, म्हणजे माझे सासरे. हे मी सासूबाईंकडून ऐकलेलं; ते तर माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी गेले होते.

आणि मागचं दार. स्वयंपाकघरातून मागच्या अंगणात उघडणारं दार मी झोपताना कडी लावून बंद करते. सकाळी कडी निघालेली असायची. आधी वाटायचं, आपणच विसरलो असू. आता मी लक्षात ठेवून लावायला लागले, हात फिरवून खात्री करायला लागले. तरी सकाळी कडी खालीच.

सासूबाईंना विचारलं. त्या मागच्या ओट्यावर लसूण सोलत होत्या. टोपलीकडे न पाहताच म्हणाल्या, “खाणारा येईन अन् खाईन. तू कायले घाबरून राहिली?”

खाणारा म्हणजे मामंजीच, असं माझ्या मनानं घेतलं. पण मामंजी या घरात कधी राहिलेच नव्हते. ते वारले मोहगावकडच्या शेतावरच्या घरात, हे पांढुर्ण्यातलं घर आम्ही नंतर बांधलं. त्यांना इथला रस्ता कोणी सांगितला, असा वेडा विचार मनात आला आणि मग तो जाईनाच. भरदुपारी स्वयंपाकघरात एकटी असले की मागच्या दाराकडे पाठ करून मला पोळ्या लाटवेनात. जाम नदीकडून वारा आला की दार जरासं हलायचं, आणि मी लाटणं हातात घट्ट धरून उभी राहायची.

यांना भीती वाटत होती, पण ते कबूल करत नव्हते. त्यांनी फक्त वाटी बदलली, आधीच्यापेक्षा लहान घेतली. मी म्हटलं, “अहो, मेलेल्या माणसाशी कसली काटकसर करता?” तर त्यांनी पोळ्या पुन्हा मोजल्या. भुताखेतांची टिंगल करणारा हा माणूस एक दिवस आपणहून म्हणाला, “जामसांवलीले जाऊन येऊ. आईलेही दर्शन होईल.” तिथल्या हनुमंताच्या पायाशी लोक असल्या गोष्टी घेऊन जातात, हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही.

शनिवारी सकाळीच निघालो. देवळाजवळ गर्दी होती. सासूबाईंचा हात धरून मी त्यांना गाडीतून उतरवायला गेले, तर त्यांच्या बांगड्या सरकत कोपरापर्यंत गेल्या. माझ्या मुठीत हाताचं नुसतं हाड होतं. हा हात मी रोज पाहत होते, पण धरला नव्हता. दोन पावलं चालल्या आणि मटकन खाली बसल्या. ओठ पांढरेफटक पडले होते.

शेजारीच कोणाचा तरी नवस फिटला होता, त्याचा भंडारा चालला होता. लोकांनी पाणी दिलं, सावलीत पंगतीतच बसवलं, पुढ्यात पत्रावळ ठेवली. सासूबाई खायला लागल्या. मी त्यांना असं खाताना कधी पाहिलं नव्हतं. पुरी वाढली की संपायची. वाढणारा पुढे सरकला की त्यांची नजर त्याच्या मागे जायची. भाजीचा रस पत्रावळीच्या शिवणीत गेला, तो त्यांनी बोटानं निपटून घेतला. घरी त्या आमच्या मागून, दाराआड एकट्या जेवायच्या. “तुम्ही जेवा, मी मागून जेवतो,” हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकत आले होते.

त्या पंगतीत उभी असताना मला सगळं उमगलं. यांनी कमी केलेली प्रत्येक वाटी त्यांच्याच ताटातून गेली होती. आम्हाला पोटभर वाढायच्या आणि मागे उरलेली एकच पोळी चौघडी करून टोपलीत ठेवायच्या. मग पाणी पिऊन झोपायच्या. भूत कोणी बाहेरून येत नव्हतं. आमच्याच घरात एक जितं माणूस आमच्या डोळ्यांदेखत विरत चाललं होतं.

मी यांना हळूच सांगितलं, तसे हे त्यांच्यापुढे उकिडवे बसले. “आई, तू उपाशी राहून पोळी ठेवत होती? कायसाठी?”

त्यांनी आधी पदरानं तोंड पुसलं. मग शेजारच्या बाईबद्दल सांगावं इतक्या सहज बोलल्या. “तुझा बाप बगीच्यातून यायचा. मोटारची लाईट रातीची राहे, झाडाईले पाणी देऊन, ओलित करून यायचा मागच्या दारानं. त्या दिवशी आला अन् टोपली पाहिली. टोपली रिकामी. मी म्हटलं, गरम पोळी टाकून देतो तव्यावर. तो म्हणे, राहू दे, चूल विझली. पाणी पेला अन् निजला. मंग उठलाच नाई. तवापासून टोपली रिकामी नाई ठेवत मी. सुनेनं लावली तं कडीबी काढून ठेवतो.”

“रिकामी कशी होती?” यांनी विचारलं, आणि विचारता विचारताच त्यांना आठवलं. शाळेतून आलेला तो पोरगा, परीक्षेचे दिवस, पंचा उचलून घेतलेली शेवटची पोळी.

सासूबाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. “लेकरू होतं बापा. भूक लागली होती.”

इतकी वर्षं त्यांनी हे कोणाला सांगितलं नव्हतं. आताही त्यांना सांगायचं नव्हतंच. परतताना गाडीत यांचं तोंड खिडकीकडे होतं, आणि मला त्यांची इतकी दया आली की दिवसभर साठवलेली सगळी बोलणी मी गिळली.

त्या संध्याकाळी यांनी वाटी अडगळीच्या डब्यात टाकली आणि कणकेच्या डब्यातून मुठीनं कणीक घेतली. सासूबाईंना आमच्याबरोबर पानावर बसवलं. त्या आधी कुरकुरल्या, मग जेवल्या. जेवण झाल्यावर यांनी एक पोळी उचलली, दुमडली, पुन्हा दुमडली आणि टोपलीत ठेवून पंचा झाकला. मी कडी लावायला गेले तर म्हणाले, “राहू दे.”

सकाळी पोळी होती तिथेच होती. मी सवयीनं ती गाईला न्यायला उचलली, तर सासूबाईंनी माझ्या हातातून घेतली. कुस्करली, कांदा आणि हळद घालून फोडणी दिली आणि ताटली यांच्यापुढे ठेवली.

“खा बापू,” म्हणाल्या, “तुह्याच वाट्याची हाय.”

आता रोज असंच चालतं. आमच्याकडे काही वाया जात नाही. हे मान खाली घालून ताटली चाटूनपुसून स्वच्छ करतात, आणि तेवढा वेळ आम्ही तिघंही उघड्या दाराकडे पाहत नाही.