एकवीस खुणा

पंप तपासणी विभागातले दादा म्हणजे भारी शंकेखोर माणूस. काटा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बावीस वर्षांत त्यांनी एकाही कागदावर सही केली नव्हती. "दादांना वेळ सांगा, आणखी दोन घड्याळं बघून येतील," असं शेजारचा फिटर म्हणायचा आणि दादा मनातून खूश व्हायचे.

तीन आठवड्यांपूर्वी परदेशातून एक तरुण इंजिनियर मुलगी रुजू झाली. तिला सगळं दाखवायचं काम दादांच्या गळ्यात पडलं. सोबत एक कागद होता. त्यावर सांगायच्या एकवीस गोष्टी, प्रत्येकीपुढे एक चौकट. नेमके त्याच दिवशी सहा पंप चाचणीला खोळंबले होते. दादांनी उभ्याउभ्या एकवीस खुणा ओढल्या, सही ठोकली आणि कागद तिच्यापुढे सरकवला.

"हे काय, दादा?"

"काही नाही गं, नुसता कागद. कर सही."

तिनं केली.

आज सकाळी आग लागली तर बाहेर पडायच्या सरावाचा भोंगा झाला. सगळे फाटकापाशी जमले, पण मोजणीत एक माणूस कमी भरला. मॅनेजर मॅडम आत जाऊन बघतात, तर ही शांतपणे पंपाचे आकडे लिहीत बसलेली.

मॅडम तिला बाहेर घेऊन आल्या. "लांब भोंगा म्हणजे बाहेर पडायचं, एवढं माहीत नाही? नोकरी पक्की व्हायचीय ना अजून? हा शेरा फाइलला लागणार. दादा, तुम्ही सांगितलं होतंत ना हिला?"

दादांनी नजर फाटकाकडे वळवली.

"सांगितलं होतं," मुलगीच शब्द जुळवत म्हणाली. "मी विसरले."

दादांना हायसं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. नंतर त्या हायसं वाटण्याचीच लाज त्यांना दुपारपर्यंत पोखरत राहिली. त्यात फिटरनं पाठीवर थाप मारली. "दादांनी सांगितलेलं विसरते म्हणजे कमाल आहे पोरीची." दादांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी ते तिच्या टेबलापाशी गेले. "खोटं कशाला बोललीस?"

"तुमचा चेहरा बघितला," ती म्हणाली. "आणि खाली सही माझीपण होती."

दादा तडक मॅडमच्या खोलीत गेले. "मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. न बघता खुणा केल्या."

"तुम्ही?" मॅडम एवढंच म्हणाल्या. त्यांनी तिच्या फाइलीतला शेरा खोडला, दादांच्या फाइलीत लिहिला आणि त्याच एकवीस गोष्टींचा, कोऱ्या चौकटींचा नवा कागद पुढे केला. दादा तो घेऊन तिच्या टेबलापाशी परतले.

"पहिलं काय आहे?" मुलीनं विचारलं.

दादांनी चष्मा लावून वाचलं. "डबा गरम करायची जागा."

ते तिला जिन्याखालच्या खोलीत घेऊन गेले. तिथल्या मायक्रोवेव्हकडे ती बघतच राहिली. "हे रोज इथेच असतं?"

तीन आठवडे ती मागच्या पायऱ्यांवर एकटी बसून गार डबा खात होती. दादा येताजाता बघायचे. त्यांच्याकडे असंच खात असतील, असं म्हणून पुढे जायचे.

"हे बटण," दादा म्हणाले. मान काही त्यांना वर करवेना.