तोंडात गारगोटी

ग्लाओदाआत्या माझ्याहून फक्त तीन वर्षांनी मोठी, पण सगळं गाव तिला आत्या म्हणायचं, म्हणून मीही. चाळीस वर्षं ती दुसऱ्यांच्या दुखण्यांसाठी चालली. ज्याला अंथरुणातून उठवत नसे त्याच्या वतीनं सकाळी निघायची आणि टेकडीपलीकडच्या संत ब्रेवालच्या कुंडातून बाटलीभर पाणी आणायची. अट एकच. घरून निघाल्यापासून ते पाणी दुखऱ्या जागी लागेपर्यंत शब्द काढायचा नाही. बोललात, की ते नुसतं पाणी. आत्या गावातली सर्वांत बडबडी बाई, म्हणून तोंडात गारगोटी धरून चालायची. मोबदला सहा अंडी, नाहीतर खाऱ्या लोण्याचा गोळा.

त्या उन्हाळ्यात तिचाच गुडघा धरला. ब्रेस्त शहरातून तिच्या मुलीचं पत्र आलं: रविवारी न्यायला येते. अंगणाच्या फाटकापर्यंत चालून दाखवलंस तर राहा, नाहीतर माझ्याकडे, तिसऱ्या मजल्यावर.

"तिथून मी खाली येईन ती शवपेटीतच," आत्या म्हणाली. "लान, तू जा कुंडावर."

"मी?"

"बाकीच्यांना शेतं आहेत. तुला काय आहे?"

खरंच होतं. तीस वर्षं मी कोठारांत, जत्रांत धर्मनाटकांतला हेरोद राजा गाजवला. आता ऐकायला कोंबड्या. अशा माणसाला सांगायचं, गप्प राहा!

गुरुवारी वाटेत पाद्रीबाबा सायकलवरून आले. "काय लान, कुठे निघालास?" मी टोपी काढली, गारगोटी काढली आणि सविस्तर सांगितलं.

परत आल्यावर विचारलं, "पाद्रीबाबांशी बोललेलं धरतात का गं, आत्या?"

"पोप आला तरी धरतात! ओत ते बटाट्यांना."

शुक्रवारी कुंडापर्यंत पोचलो, बाटली भरली. तिथे परगावची एक बाई विचारते, "इथे पूर्वी नाटकं व्हायची ना हो?" हे मला कोणी किती वर्षांत विचारलं नव्हतं! कुंडाच्या पायरीवर उभं राहून मी तिला अख्खा दुसरा अंक म्हणून दाखवला. तिनं टाळ्याही वाजवल्या.

आत्यानं काठी आपटली. "अरे कर्मा! चाळीस वर्षांत मी एक बाटली फुकट घालवली नाही, आणि तू दोन दिवसांत दोन?"

शनिवारी मी बोललो नाही. पाद्रीबाबांना नुसती मान लववली; ते दुखावले. घामाघूम होऊन आत्याच्या दारात उभा राहिलो.

"बोललास?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"तोंडानं सांग."

आता कसं सांगू? गालातली गारगोटी दाखवली. छातीवर हात ठेवला. ओठ शिवून दाखवले.

"हातवारे नकोत. दोनदा बोलून बसलास. शपथ घे, नाहीतर खोट्या पाण्याला मी गुडघा देणार नाही." तिनं परकर घट्ट आवळून घेतला. बाटली हातात आणि आम्ही दोघं समोरासमोर. कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

मग तिचे डोळे बारीक झाले.

"लान, तुझा हेरोद ऐकून माझ्या गाईचं दूध आटलं होतं."

मी गप्प.

"आणि शेवटच्या खेळाला पडदा वाऱ्यानं पडला म्हणतोस ना? वारा नव्हताच. तू तिसऱ्या अंकातले शब्द विसरलास, लोक सलगम उचलायला लागले, म्हणून दोरी मी सोडली."

वाऱ्याची ती गोष्ट मी सव्वीस वर्षं गावभर सांगत होतो. दातांखाली गारगोटी कर्रकन वाजली. डोळे भरून आले. पण तोंड उघडलं नाही.

आत्या बराच वेळ बघत राहिली. मग परकर वर घेतला. "खरं पाणी दिसतंय. ओत."

मी ओतलं. ती किंचाळली, "मेले, किती गार!" आणि मी गारगोटी थुंकली.

"विसरलो नव्हतो मी! तो विराम होता!"

"एवढा लांब विराम? माझी अर्धी लोकर विणून झाली त्यात!"

फाटक बत्तीस पावलांवर. तिथवर आम्ही भांडत गेलो आणि भांडतच परत आलो. काठी खुर्चीलाच टेकून राहिली होती.

रविवारी मुलगी आली, काळ्या गव्हाची घावनं खाल्ली आणि एकटीच ब्रेस्तला परतली.