थांबलेल्या मशीनमधला हात

भुताखेतांच्या, दैवी साक्षात्काराच्या गोष्टी सांगणाऱ्यांविषयी मला कधीच आदर नव्हता. अजूनही नाही. आमच्या मंगळवार पेठेत अंगात येणाऱ्या दोन बायका होत्या. दोघींच्याही अंगात सासू घरात असतानाच यायचं, एवढं सांगितलं की पुरे. त्यामुळे हे वाचून कुणी मला ‘तुमच्यावर देवीची कृपा आहे’ वगैरे कळवायचे कष्ट घेऊ नयेत... ते ऐकून ऐकून माझे कान किटलेत.

ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. कमर्शियल आर्टचा कोर्स करून मी कोल्हापुरातच एका स्क्रीन प्रिंटिंगच्या कारखान्यात लागले होते. स्टिकर, डब्यांची लेबलं, असली कामं. मालकांना सगळे अण्णा म्हणायचे. अण्णांनी मुंबईहून एक जुनं ऑटोमॅटिक मशीन आणलं आणि त्यांना आभाळ ठेंगणं झालं. कागद आपोआप आत जायचा, स्क्रीनची, म्हणजे ताणून बसवलेल्या जाळीच्या कापडाची, जड चौकट खाली यायची, रबराची पट्टी सरकून रंग ओढायची, चौकट पुन्हा वर. पुढे झाकणासारखा एक गार्ड होता. तो उघडला की मशीन थांबायचं, म्हणजे कुणाचा हात आत सापडू नये.

अण्णांना हे थांबणं खुपायला लागलं. त्यांनी कुणाकडून तरी गार्डच्या स्विचला तार मारून घेतली. आता गार्ड उघडा असला तरी मशीन चालू! आणि हे केल्यावर वर लिंबू-मिरची बांधली, वाडीच्या देवळातून अंगारा आणून मशीनला लावला. मी म्हटलं, “अण्णा, लिंबू काढलं तरी चालेल, ती तार आधी काढा.”

“बाई, अंबाबाईच्या गावात ऱ्हाताय न्हवं तुमी? एवढं काय भ्याचं त्यात?”

मी कित्येक महिने भांडत होते. कागद अडकला की मशीन आपलं आपण थांबतं; बघणाऱ्याला वाटतं, बंद पडलं. ते बंद नसतं, वाट बघत असतं. कागद सुटला की चौकट खाली येते. हे मी अण्णांना सांगितलं, मशीन चालवणाऱ्या महादेवला तर दहादा सांगितलं. महादेव कोडोलीचा, कामाला वाघ, पण ऐकण्याच्या नावाने शून्य. “व्हय बाई,” म्हणायचा आणि फडकं घेऊन हात आत घालायचा. मीही त्याच्याशी कधी सरळ बोलले नाही. मूर्खाशी गोड बोलायचं कशाला, असा माझा खाक्या होता.

त्या आठवड्यात माझा घसा पूर्ण बसला होता. डॉक्टरांनी बोलायची बंदी केली होती, पण बंदीची गरजच नव्हती. तोंड उघडलं की नुसती हवा. कुणाला बोलवायचं तर टाळी वाजवावी लागे.

जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी मी मशीनच्या समोरच्या भिंतीला पाठ करून उभी होते. दोन्ही हातांत नुकतीच धुतलेली स्क्रीन. मशीनमध्ये कागद अडकला. महादेवने गार्ड वर केला आणि फडक्यासकट हात कोपरापर्यंत आत घातला. कागदाचं टोक सुटताना मला दिसलं. मी ओरडायला तोंड उघडलं... काही नाही. शिटीसारखी हवा.

आणि माझ्या मागून आवाज आला — “म्हादू, हात काढ.”

माझा आवाज. स्वतःचा आवाज माणसाला ओळखू येतो. ओरडून नाही, अगदी हळू. पंख्यांचा आणि कॉम्प्रेसरचा तो गोंगाट, शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही, आणि हे शब्द मात्र स्वच्छ. महादेवने हात बाहेर ओढला. चौकट खाली आली. फडकं आत राहिलं, त्यावरून पट्टी गेली आणि स्क्रीन टर्रकन फाटली.

मी मागे वळून पाहिलं. भिंत. भिंतीला टेकलेले कागदाचे गठ्ठे. बाकी कुणी नाही.

“बाई बोलल्या म्हणून वाचलो,” महादेव म्हणाला. शेडमधल्या सगळ्यांनी माझा आवाज ऐकला होता. मी गळ्याकडे बोट दाखवत मान हलवत राहिले, तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की माझ्या तोंडून आवाज निघणं शक्यच नव्हतं. मग काय विचारता... बायका पाया पडायला लागल्या. अण्णा हार-नारळ घेऊन हजर. “बाई, तुमच्या तोंडनं आई बोलली.”

इतका अपमान माझा कुणी केला नव्हता. मी पुठ्ठा घेतला, काळ्या रंगात ब्रश बुडवून लिहिलं: ‘तार काढा.’ अण्णांनी हात जोडले आणि स्वतः उभं राहून तार काढून घेतली. त्यानंतर त्या कारखान्यात गार्डच्या स्विचला कुणी हात लावला नाही. कित्येक महिने मी शहाणपणाचं सांगत होते तेव्हा मी कटकटी बाई होते. देवी झाल्यावर पुठ्ठ्यावरचे दोन शब्द पुरले. त्या माणसांची मला आजही कीव येते.

माझा आवाज त्यानंतरही बरेच दिवस आला नाही. डॉक्टर म्हणाले, धक्क्याने क्षणभर निघाला असेल. मग तो माझ्या मागून कसा आला, असं मी कागदावर लिहून विचारलं, त्यावर ते हसले. मानसशास्त्र शिकवणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांनी ‘सामूहिक भास’ असं निदान केलं. ते शेडमध्ये नव्हते, आणि त्यांनी मला धड बोलूही दिलं नाही.

पुढे मी नोकरी सोडली, लग्न झालं. बऱ्याच वर्षांनी महादेव मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला घरी आला. चहा घेताना मी त्याला सरळ विचारलं, “खरं सांग, काय ऐकलंस तू?”

त्याने कप बशीत ठेवला. “आवाज तुमचाच हुता बाई. त्यात काय शंका न्हाय. पर...” तो जरा लाजला. “राग येऊ दिऊ नका. त्यात माया हुती. म्हणून तर म्या ऐकलं की.”

ती माया मीही ऐकली होती. ती कुठून आली, ते मात्र मला आजतागायत कळलेलं नाही.